बारवेच्या पायऱ्या मोजल्या का?

गेल्या दोन महिन्यांत सदराकडं आलेली पत्रं आणि मेसेज एकत्र काढून बसलो, तर निम्म्याच्या वर एकाच गोष्टीवर निघाले. आठवी ते दहावीच्या लेकरांचे इतिहास, भूगोल, विज्ञानाचे प्रोजेक्ट. कुणी शिक्षक, कुणी पालक, आणि एक पत्र तर नववीतल्या मुलीचं. म्हणून हा पूर्ण अंक त्यालाच देतोय. मी स्वतः मराठवाड्यातल्या दोन तीन शाळांत मिळून सत्तावीस वर्षं विज्ञान आणि भूगोल शिकवला, त्यामुळं जे सांगतोय ते वर्गात करून पाहिलेलं सांगतोय. उत्तरं लहानमोठी झालीत, जिथं बोलण्यासारखं जास्त होतं तिथं जास्त बोललो.

जिंतूर तालुक्यातून एक शिक्षिका विचारतात : सर, आमच्याकडं दरवर्षी नववी दहावीच्या मुलांकडून प्रकल्पाच्या फाईली घेतात. स्टेशनरीच्या दुकानात चित्रांचे तक्ते मिळतात ते कापून चिकटवतात, मजकूर मोबाईलवरून उतरवतात, मी सही करते, मार्क देते. मला मनातून बरं वाटत नाही. मग खरा प्रोजेक्ट म्हणायचं तरी कशाला?

ताई, तुम्हाला बरं वाटत नाही ना, तिथूनच सुरुवात झाली समजा. मीही सुरुवातीची पाच सहा वर्षं अशाच फाईली घेतल्या. एका वर्षी एका पोरानं "आमच्या परिसरातील जलस्रोत" अशी फाईल दिली आणि आत धबधब्याचं चित्र लावलेलं. त्याच्या गावात धबधबा नाही हे मला माहीत, त्याला माहीत, आणि गावात एक सुंदर जुनी बारव, म्हणजे पायऱ्यांची विहीर, आहे हेही दोघांना माहीत, पण ती फाईलीत कुठंच नव्हती. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं, कारण चूक पोराची नव्हती, मी त्याला प्रश्नच दिला नव्हता, नुसता विषय दिला होता.

माझ्या मते फरक इथंच पडतो. "जलस्रोत" हा विषय झाला. "आपल्या बारवेचं पाणी दिवाळीपासून मेपर्यंत किती खाली जातं आणि ते जातं कुठं" हा प्रश्न झाला, आणि ह्याचं उत्तर कुठल्या पुस्तकात नाही, मोबाईलवर नाही, तुम्हाला नाही आणि मलापण नाही. ज्याचं उत्तर गुरुजीलाही माहीत नाही असा प्रश्न लेकरांच्या हातात पडला की ती वेगळ्याच तोंडानं वर्गात येतात, हे मी पाहिलंय.

तुमचा तर परभणी जिल्हा. बारवांनी भरलेला. वालूरची चक्राकार बारव लांबून लांबून लोक बघायला येतात, चारठाण्याला तर जुनी मंदिरंच मंदिरं. पण प्रसिद्ध बारवच पाहिजे असं काही नाही, गावातली काटेरी झुडपानं भरलेली चालेल, उलट तीच बरी.

कसं करायचं ते सांगतो. एक दोरी घ्यायची, खाली दगड बांधायचा, दोरीला दर अर्ध्या मीटरला गाठ. बारवेच्या काठावरचा एक पक्का दगड ठरवायचा आणि दर महिन्याच्या एक तारखेला तिथूनच दोरी सोडून पाणी किती खाली आहे ते मोजायचं. (मोठं माणूस सोबत असल्याशिवाय एकही पोरगं काठावर जाणार नाही, हा नियम पहिल्या दिवशी सांगायचा आणि मोडला तर काम बंद.) जुन्या माणसांना 'परस' ह्या खोली मोजायच्या जुन्या मापात विचारा, अमुक साली किती परस पाणी होतं, ते बरोबर सांगतात, मग परस म्हणजे किती मीटर हे लेकरांनीच काढायचं. समजा पाण्याचा चौक ८ मीटर लांब, ८ मीटर रुंद आहे आणि एका महिन्यात पाणी १ मीटर उतरलं, तर ६४ घनमीटर गेलं, म्हणजे ६४,००० लिटर. बारा हजारी टँकरच्या हिशोबानं पाच टँकरच्या वर. हा आकडा पोरांनी स्वतः काढला की वर्गात एकदम गप्प होतात बघा.

आता ते पाणी गेलं कुठं. काही मोटारीनं उपसलं, काही झिरपलं, काही उन्हानं उडालं. उडालेलं किती हे कळायला एक घमेलं पाण्यानं भरून उघड्यावर ठेवा आणि रोज पट्टीनं मोजा, आपल्याकडं मे महिन्यात दिवसाला सेंटिमीटरभर पाणी सहज उडतं. तसंच दुसरं घमेलं बारवेत खालच्या पायरीवर सावलीत ठेवा. दोन्हीत फरक किती पडतो ते लेकरं आठ दिवस लिहीत गेली की त्यांच्याच तोंडून निघतं, सर म्हणूनच इतकी खोल बांधली का हो. हा इतिहासाचा प्रश्न झाला, आणि तो विज्ञानाच्या घमेल्यातून आला. बांधणारानं पाणी खोल, सावलीत, चारी बाजूनं दगडात का ठेवलं, पायऱ्या कशाला केल्या, कोनाड्यात कुठले देव बसवले, दगड जवळच्याच खाणीतला आहे की बाहेरून आणलाय, चुना वापरलाय की नुसता दगडावर दगड, हे सगळं त्यामागून येतं. कुठं शिलालेख असला तर फोटो काढा, पण त्याच्यावर खडू, तेल, हळद काही घासू नका, अक्षर खराब होतं.

जलसुरक्षा हा विषय नववी दहावीला आहेच, त्याचं प्रकल्पाचं काम, भूगोलाचं आणि विज्ञानाचं ह्या एकाच बारवेत बसतं. तीन वेगळ्या फाईली कशाला, एक नोंदवही बास.

अंबड तालुक्यातून नववीतली एक मुलगी लिहिते : मी प्लास्टिकच्या बाटलीचं पर्जन्यमापक केलं आणि पूर्ण पावसाळा नोंद केली. पण माझे आकडे आमच्या महसूल मंडळाच्या आकड्यांशी जुळत नाहीत. एका दिवशी मंडळाचा पाऊस ७१ मिमी होता आणि माझा ३८. वर्गातली मुलं म्हणतात तुझं चुकलंय, मंडळाचे आकडे उतरवून दे म्हणजे मार्क जाणार नाहीत. काय करू?

बेटा, उतरवून देऊ नकोस. तुझे आकडे खोडायचे नाहीत, रबर लावायचं नाही, व्हाइटनर तर अजिबात नाही.

तुझं पत्र मी तीन वेळा वाचलं, आणि मला इतका आनंद झाला की घरात सगळ्यांना वाचून दाखवलं. पूर्ण पावसाळा रोज उठून नोंद करणं हे किती अवघड आहे हे मला माहीत आहे. आणि ३८ आणि ७१ मधला फरक म्हणजे तुझ्या प्रोजेक्टचा सगळ्यात मोलाचा दिवस आहे.

आधी आपली बाजू तपासून घेऊ. बाटली सरळ उभ्या बाजूची आहे का, की मधेच खोलगट डिझाईन आहे? तळाला फुगवटा असतो, तिथं वाळू किंवा सिमेंट भरून तळ सपाट करून मग शून्याची खूण केली होती का? वरचं तोंड कापून उलटं नाळकं (नरसाळं) म्हणून बसवलं असशील तर त्याचा व्यास खालच्या बाटलीएवढाच आहे का? झाड, पत्रा, भिंत किती लांब आहे? वाऱ्यानं कलली होती का? आणि वेळ. हवामान खात्याची रोजची नोंद सकाळी साडेआठला होते, मागच्या चोवीस तासांची. तू संध्याकाळी शाळेतून आल्यावर मोजत असशील तर एकच पाऊस तुझ्याकडं दोन दिवसांत वाटला गेला असेल. तेव्हा आधी मागच्या पुढच्या दिवसाची बेरीज करून बघ.

हे सगळं तपासूनही फरक राहिला तर मग तो खरा फरक आहे. आपल्याकडं पाऊस असाच पडतो ना, एका शिवारात पाणी वाहतंय आणि नाल्याच्या पलीकडं धूळ. मंडळाचं मापक एका ठिकाणी बसवलेलं, आणि त्याच्या आकड्यावर आजूबाजूच्या कितीतरी गावांचा पाऊस धरतात. चोवीस तासांत ६५ मिमीच्या वर गेलं की अतिवृष्टी धरतात, म्हणजे त्या दिवशी कागदावर तुझ्या गावात अतिवृष्टी झाली आणि तुझ्या बाटलीत नाही. ह्याच्या उलटही होतं, गावात रानं वाहून जातात आणि मंडळाचा आकडा कमी असतो, मग शेतकऱ्याला मदत मिळताना काय त्रास होतो हे तुझ्या बाबांना विचार, ते सांगतील. तुझ्या प्रोजेक्टचं नाव आता "पर्जन्यमापक" ठेवू नकोस. "एका मंडळात किती पाऊस" असं काहीतरी ठेव, आणि पुढच्या वर्षी शेजारच्या तीन गावातल्या मैत्रिणींना अशाच बाटल्या करायला लाव, मापं एकसारखी.

एक सोपं गणित लक्षात ठेव. १ चौरस मीटर जागेवर १ मिमी पाऊस म्हणजे बरोबर १ लिटर पाणी. तुझ्या शाळेचं छत १०० चौरस मीटर असेल आणि वर्षाला ७०० मिमी पाऊस झाला तर ७०,००० लिटर पाणी छतावरून जातं. ते कुठं जातं ते बघून लिही.

तुझ्या सरांना हे पान दाखव. ते समजून घेतील असं मला वाटतं.

लातूरहून एक पालक : मुलगा दहावीला आहे. क्लास, टेस्ट सिरीज, सराव पेपर यात दिवस जातो. शाळा वर प्रोजेक्ट मागते. इतिहास भूगोलाचे अंतर्गत २० मार्क तर सगळ्यांनाच मिळतात. मग लेकराचा वेळ कशाला घालवायचा?

भाऊ, तुमची काळजी खरी आहे. लातूर पॅटर्नचं नाव पूर्ण महाराष्ट्रात झालं ते पोरांच्या आणि मास्तरांच्या कष्टानं झालं, त्याला मी कमी लेखणार नाही. दहावीच्या दुसऱ्या सत्रात मोठा प्रोजेक्ट देऊ नये हे माझंही मत आहे, नववीत द्यावा, किंवा दहावीच्या जून जुलैमध्येच उरकावा.

पण वेळ वाया जातो हे पटत नाही. तुमच्याच शहरातलं उदाहरण घ्या. एप्रिल २०१६. मांजरा धरण कोरडं पडलं, मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, जवळपास साडेतीनशे किलोमीटरवरून. तुमचा मुलगा तेव्हा लहान असेल पण घरात कुणाला ते दिवस विसरता येणार नाहीत. पहिल्या गाडीला १० वाघिणी, एकेकीत साधारण ५०,००० लिटर. म्हणजे ५ लाख लिटर. आता २०११ च्या जनगणनेत लातूर शहराची लोकसंख्या पावणेचार लाखाच्या वर. भागून बघायला सांगा मुलाला. माणशी सव्वा लिटर येतं. पुढं ५० वाघिणींची गाडी सुरू झाली तेव्हा २५ लाख लिटर, तरी माणशी साडेसहा लिटर. मग घरात एक दिवस सगळे नळ, हंडे, बादल्या मोजा, तुमच्या चार माणसांच्या घरात किती पाणी लागतं. हे एका रविवारचं काम आहे. त्यात भागाकार आला, एकक आलं, भूगोल आला, आणि "पाण्याचे व्यवस्थापन" ह्यावर दहा ओळी लिही म्हटलं तर पोरगं पाठ न करता लिहील. पाठ केलेलं परीक्षेनंतर आठ दिवसात जातं हो, हे राहतं.

आणि २० मार्क सगळ्यांना मिळतात हे खरं असेल तर मुलाला घाबरायचं काय कारण, उलट मोकळेपणानं काम करू द्या त्याला. तुम्ही फक्त एवढं करा, त्याचा प्रोजेक्ट तुम्ही करू नका आणि विकतही आणू नका.

लोहारा तालुक्यातून एक शिक्षक : आमचा भाग १९९३ च्या भूकंपाचा. आठवीच्या मुलांना "आपल्या गावाचा भूकंप" असा प्रोजेक्ट दिला. एका मुलीची आजी सांगता सांगता इतकी रडली की मुलगी दुसऱ्या दिवशी शाळेत आली नाही. मी चूक केली का? आता पुढं नेऊ की बंद करू?

सर, विषय चुकला नाही, पण घाई झाली. बंद करू नका, थोडं मागं या.

३० सप्टेंबर १९९३, पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटं. अनंत चतुर्दशीची रात्र, विसर्जन करून लोक नुकते झोपलेले. दहा हजारांच्या आसपास माणसं गेली असं आपण सगळेच सांगतो, पण तुमच्या वर्गातल्या लेकरांसाठी ती आजीची बहीण आहे, काकाचं लहान पोरगं आहे. म्हणून पहिला नियम, घरात कुणालाही विचारायच्या आधी शिक्षकानं स्वतः जाऊन परवानगी घ्यायची. दुसरा, "त्या रात्री काय झालं" असं विचारायचं नाही. ज्याला सांगायचं असेल तो आपणहून सांगतो. लेकरांनी त्याच्या आधीचं आणि नंतरचं विचारायचं. जुनं गाव कसं होतं, वाडा किती खणांचा, वेशीतून आत आल्यावर पहिलं घर कुणाचं, आड कुठं, शेड बांधून राहिलात ते दिवस कसे गेले, नवीन गावात घराचा नंबर कसा लागला, शेजारी तेच राहिले का बदलले. आणि त्यावरून जुन्या गावाचा नकाशा काढायचा, मोठ्या कागदावर, म्हाताऱ्या माणसांना मधे बसवून. मी असं एका गावात होताना पाहिलंय, आजोबा लोक भांडत होते की पिंपळ पाराच्या ह्या बाजूला होता की त्या बाजूला, आणि रडण्याच्या जागी चेहऱ्यावर वेगळंच काहीतरी होतं, मला शब्द सापडत नाही. त्या मुलीच्या घरी तुम्ही स्वतः जाऊन या, आजीला म्हणा तुम्ही फक्त तुमची जुनी गल्ली सांगा.

विज्ञानाचा भाग मात्र पूर्ण ताकदीनं करा, कारण तो लेकरांच्या पुढच्या आयुष्याशी जोडलेला आहे. भूकंप साधारण ६.२ रिश्टरच्या आसपासचा, जगात ह्याहून मोठे कितीतरी होतात आणि इतकी माणसं जात नाहीत. मग इथं का गेली? उत्तर आपल्या घरात आहे. दोन अडीच फूट जाडीच्या दगडी भिंती, आतल्या आणि बाहेरच्या अशा दोन पाखी, मधे दगडगोटे आणि मातीचा भराव, दोन्ही पाखींना जोडणारा आरपार दगड नाही. वर माळवद, लाकडी खणावर फळ्या आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर, दरवर्षी थोडी थोडी माती टाकत आणखी जड झालेला. उन्हाळ्यात थंडगार घर. पण हादरा बसला की दोन पाखी फुटून दोन बाजूला, आणि माणसं त्या दगडमातीखाली. कित्येक ठिकाणी लाकडी खण तसाच उभा आणि भिंती आडव्या असं दिसलं होतं.

हे वर्गात करून दाखवता येतं. एक प्लायचा तुकडा, खाली गोट्या, बाजूला रबर ताणून बांधलेलं, झाला हलणारा टेबल. त्यावर दोन छोटी घरं, लहान खड्यांची आणि मातीची. एकात खडे नुसते रचलेले दोन पाखीत, दुसऱ्यात मधे मधे लांब खडा आरपार घातलेला आणि खिडकीच्या वर तारेचा पट्टा सगळीकडून फिरवलेला. वर सारखंच वजन ठेवायचं. प्लाय ओढून सोडायचा. कुठलं घर किती झटक्यांना पडतं ते दहा वेळा करून लिहायचं, एकदा करून नाही. मग लेकरांना गावात फिरून आजची बांधकामं बघायला सांगा, खिडक्यांच्या वरचा पट्टा चारी भिंतीवरून सलग आहे का. ज्या घरात नाही तिथं जाऊन गोंधळ घालायचा नाही, नुसती नोंद.

मुखेडहून इतिहासाचे शिक्षक : १७ सप्टेंबरसाठी मुलांकडून मराठवाडा मुक्तिसंग्रामाच्या मुलाखती घ्यायच्या आहेत. पण म्हातारी माणसं फार थोडी राहिली आणि जी आहेत ती "रझाकार लई वाईट होते" यापलीकडं जात नाहीत.

प्रश्न मोठा विचारला की उत्तर भाषणासारखं येतं सर. १५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला आणि आपण अजून तेरा महिने निजामाच्या राज्यात. स्वामी रामानंद तीर्थ, गोविंदभाई श्रॉफ ही नावं पुस्तकात आहेतच, ती पोरं वाचतील. आजोबांना पुस्तकातलं विचारू नका. त्या वर्षीची दिवाळी कुठं केली, गाव सोडून गेलात का, बैलगाडीत काय काय घेतलं, काय मागं ठेवलं, परत आल्यावर घरात काय होतं, शाळा कुठल्या भाषेत होती, पैसा कुठला चालायचा. निजामाचा हाली सिक्का म्हटलं की बघा कसे डोळे उजळतात. त्या वेळी दहा वर्षांचं असलेलं माणूस आज पंच्याऐंशीच्या पुढं आहे, म्हणून हे काम पुढच्या वर्षावर टाकू नका.

एक गोष्ट जड आहे तरी सांगतो. पोलिस ॲक्शन, म्हणजे भारतीय सैन्याची निजामाविरुद्धची कारवाई, १३ ते १७ सप्टेंबर १९४८. त्याच्या आधी निजामाच्या बाजूच्या रझाकारांनी गावं जाळली, आणि त्याच्यानंतर काही ठिकाणी ज्यांचा रझाकारांशी काही संबंध नव्हता अशा गरीब मुसलमान घरांनाही भोगावं लागलं. तुमच्या वर्गात दोन्हीकडची लेकरं असतील. मोहल्ल्यातल्या आजीलाही तेच प्रश्न विचारा, दिवाळीच्या जागी ईद विचारा. दोन्ही नोंदी एकाच वहीत, कुणाचं काटायचं नाही आणि वर्गात त्यावर मतदान घ्यायचं नाही. नववी दहावीची पोरं हे समजून घ्यायला पुरेशी मोठी असतात, आपणच घाबरतो.

आणि आठवण म्हणजे पुरावा नव्हे हेही इथंच शिकवता येतं. दोन माणसं एकच गोष्ट वेगळी सांगतात, मग तिसरं काय आहे, जुना सातबारा, पावती, लग्नपत्रिका. त्या काळच्या कागदावर सन १३५७ असं दिसलं तर पोरं चक्रावतात. तो फसली सन. साधारण ५९० मिळवले की इसवी सन येतो, हैदराबादेत वर्ष ऑक्टोबरमध्ये सुरू व्हायचं म्हणून जानेवारीपासूनच्या महिन्यांना ५९१. मिळवून बघा, १९४७ आणि ४८. बरोबर तेच वर्ष.

कन्नड तालुक्यातून विज्ञानाच्या मॅडम : शाळेत प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट. साहित्य नाही. तरी काही मोठं करता येईल का?

मॅडम, एक मीटरची सरळ काठी आहे ना? मग पृथ्वी मोजा.

सव्वादोन हजार वर्षांपूर्वी एराटोस्थेनिसनं इजिप्तमध्ये हेच केलं. सायीन म्हणजे आजच्या आस्वानला सूर्य बरोबर डोक्यावर असताना अलेक्झांड्रियात सावलीचा कोन ७.२ अंश भरला, म्हणजे पूर्ण वर्तुळाचा पन्नासावा भाग, आणि दोन गावातल्या अंतराला पन्नासनं गुणून त्यानं पृथ्वीचा घेर काढला. आपल्याकडं सूर्य डोक्यावर येतो मेच्या मध्यात आणि जुलैच्या शेवटच्या आठवड्यात, पण तेव्हा एकदा सुट्टी आणि एकदा ढग. म्हणून डिसेंबर घ्या, आभाळ स्वच्छ असतं.

लातूर जिल्ह्यातली एखादी शाळा जोडीला घ्या. २२ डिसेंबरला दोन्हीकडं बारा ते पाऊण दर पाच मिनिटाला काठीची सावली मोजा आणि सगळ्यात छोटी सावली धरा (घड्याळात बारा वाजता सूर्य माथ्यावर येत नाही, आपली प्रमाणवेळ ८२.५ रेखांशाची आहे, हे पोरांना त्या दिवशी कळेल). काठी ओळंब्यानं उभी, जमीन सपाट. लातूर शहरात १०० सेंटिमीटर काठीची सावली ८९.५ च्या आसपास येईल, छत्रपती संभाजीनगरला ९४ च्या थोडी पुढं. कन्नड आणखी वर आहे म्हणून तुमची अजून लांब. त्यावरून टॅनच्या कोष्टकानं दोन्ही कोन काढा. शहराचं शहराशी धरलं तर फरक दीड अंशाला थोडा कमी येतो, १.४८ च्या जवळपास. नकाशावर दोन्हीतलं नुसतं दक्षिणोत्तर अंतर मोजा, रस्त्याचं नाही, ते साधारण १६४ किलोमीटर. ३६० ला १.४८ नं भागून १६४ नं गुणलं की चाळीस हजाराच्या अगदी जवळ.

पोरांचं असं जुळणार नाही. सावली अर्धा सेंटिमीटर चुकली तर घेरात चार हजार किलोमीटरचा फरक पडतो. म्हणून दहा काठ्या लावा, दहा गट, दहा उत्तरं फळ्यावर, आणि मग चर्चा, कुणाचं जास्त का चुकलं. तो तास मला आजही आठवतो, माझ्या वर्गात एका गटाला एकतीस हजार आलं होतं आणि त्यांनीच शोधून काढलं की काठी थोडी कललेली होती. कपाटातल्या साहित्यानं हे शिकवता आलं नसतं.

औंढ्याहून : साठ मुलांचा वर्ग. गट केले की दोघं काम करतात, चौघं नाव लावतात. मार्क कसे द्यायचे?

पाच पाचचे गट आणि प्रत्येकाची स्वतःची छोटी वही. त्यात रोजचं तारीख घालून लिहायचं, चुकलेलंही. शेवटी प्रत्येकाला त्याच्या वहीतली एक ओळ दाखवून विचारा, हे कसं मोजलंस. ज्यानं केलंय तो सांगताना हातवारे करतो. एका मुलाला तीन मिनिटं लागतात, तीन दिवसांत वाटून घ्या. सजावटीला मार्क शून्य ठेवा आणि ते आधीच सांगा, नाहीतर स्केचपेनवर पैसे घालवतात बिचारी.

गेवराईहून एक आई : मुलगी मोबाईलला विचारून सगळा प्रोजेक्ट लिहून घेते.

ताई, मोबाईल काढून घेऊ नका, प्रश्न बदला. "गोदावरीची माहिती" विचारली तर मोबाईल पानं भरून देईल. "आपल्या घरापासून गोदावरीच्या पुराचं पाणी किती लांब राहिलं होतं, कुठल्या साली, कुणी पाहिलं" हे त्याला विचारून बघा. उठून शेजारच्या काकूकडं जावंच लागतं.

पूर्णेहून निवृत्त मुख्याध्यापक : प्रोजेक्ट झाल्यावर वह्यांचं काय करायचं? आमच्या वेळी रद्दीत जायच्या.

सर, रद्दीत देऊ नका एवढी हात जोडून विनंती. एका वर्षाची बारवेची नोंद म्हणजे नुसते बारा आकडे, दहा वर्षांची झाली की गावाच्या पाण्याचा इतिहास होतो. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत लेकरांना दहा मिनिटं द्या, आकडे मोठ्यानं वाचू द्या, लोक ऐकतात. मग वही शाळेच्या लायब्ररीत ठेवा आणि पुढच्या नववीनं त्याच वहीत पुढच्या पानापासून सुरू करायचं. फक्त पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा की दोरी कुठल्या दगडावरून सोडली, जमलं तर फोटो चिकटवा, नाहीतर पुढची पोरं दुसऱ्याच दगडावरून मोजतील.